मॉन्ट बेलव्ह्यूची कोंडी : फेब्रुवारी २००४ मधल्या प्रोपेनच्या भावाचं प्रकरण

२००४ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला टेक्ससमधल्या मॉन्ट बेलव्ह्यू या गावी प्रोपेन गॅलनला साधारण ६५ सेंटनं मिळत होता. २७ तारखेला, महिन्यातल्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी, भाव ९० सेंटच्या वर गेला. मार्च लागला आणि तो पुन्हा घसरला. थंडीचा कडाका म्हणावा, तर तो जानेवारीत जास्त होता. फेब्रुवारीअखेर हिवाळा उतरणीला लागतो आणि घर उबदार ठेवण्यासाठी प्रोपेन जाळणाऱ्यांची मागणी कमी होऊ लागते. अशा वेळी भाव उतरायचा, तो चढला.

चढण्याचं कारण असं की त्या गावातल्या एका ठरावीक साठवणुकीतला जवळजवळ ९० टक्के प्रोपेन तोवर एकाच कंपनीच्या नावावर जमा झाला होता. ती कंपनी बीपी, म्हणजे पूर्वाश्रमीची ब्रिटिश पेट्रोलियम. पुढे अमेरिकेच्या सीएफटीसीनं, म्हणजे वायदेबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या कमिशननं, तिच्यावर खटला भरला. कंपनीनं ३० कोटी ३० लाख डॉलर भरले, आणि तरीही ज्यांनी प्रत्यक्ष सौदे केले त्या ट्रेडरांवरचे आरोप कोर्टात टिकले नाहीत. एलपीजीचा, म्हणजे प्रोपेन आणि बुटेन मिळून बनणाऱ्या आपल्या सिलिंडरमधल्या गॅसचा, जागतिक भाव कसा ठरतो हे समजून घ्यायला माझ्या मते याहून चांगलं प्रकरण नाही. बाजार सुरळीत चालू असताना भाव कुठून येतो हे दिसतच नाही. कोणी तो मुद्दाम ओढला की यंत्र उघडं पडतं.

गॅलन आणि सेंट आपल्या अंगवळणी पडलेले नाहीत, म्हणून एकदा हिशेब करून टाकू. एका टनात सुमारे ५२१ अमेरिकन गॅलन प्रोपेन बसतो. म्हणजे ६५ सेंटचा भाव टनाला ३३९ डॉलर आणि ९० सेंटचा भाव ४६९ डॉलर. आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये नुसता प्रोपेन भरला, तर तो ७.४ गॅलन भरेल. गॅलनला २५ सेंट चढले म्हणजे सिलिंडरमागे १ डॉलर ८५ सेंट, तेव्हाच्या ४५ रुपयांच्या डॉलरनं ८३ रुपये. एवढी वाढ साडेतीन आठवड्यांत, आणि तीही गावाकडच्या घरांच्या बिलात. अमेरिकेत प्रोपेन जाळतात ते बहुतेक शहराबाहेर राहणारे लोक, जिथे नैसर्गिक वायूची पाइपलाइन पोचलेली नाही. घराच्या मागे टाकी असते आणि टँकरवाला येऊन ती भरून जातो.

मिठाच्या पोटातली कोठारं

मॉन्ट बेलव्ह्यू ह्यूस्टनच्या पूर्वेला सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. गाव लहान, पण त्याच्या खाली मिठाचा प्रचंड घुमट आहे. बार्बर्स हिल म्हणतात त्याला. या मिठात खोलवर बोअर घेऊन गोडं पाणी सोडतात. मीठ विरघळतं, खारं पाणी वर उपसून घेतात आणि मागे पोकळी राहते. मिठाच्या भिंतींतून वायू झिरपत नाही, त्यामुळे दाबाखाली द्रव झालेले प्रोपेन, बुटेन, इथेन अशा पोकळ्यांत वर्षानुवर्षं ठेवता येतात. साठवलेला प्रोपेन खाऱ्या पाण्यावर तरंगतो. तो हवा असेल तेव्हा खालून खारं पाणी भरायचं, की प्रोपेन वर ढकलला जातो. म्हणून तिथे जमिनीवर खाऱ्या पाण्याची मोठमोठी अस्तर घातलेली तळी दिसतात. खाली माल जेवढा जास्त, तेवढं वरच्या तळ्यांत पाणी जास्त.

या एका गावात देशभरातून पाइपलाइनी येतात आणि देशभर जातात. त्यामुळे अमेरिकेत प्रोपेनचा भाव म्हणजे मॉन्ट बेलव्ह्यूचा भाव. पण इथे एक बारकावा आहे आणि सगळं प्रकरण त्यावरच उभं आहे. घुमट एक असला तरी कोठारं वेगवेगळ्या मालकांची. २००४ मध्ये त्यांतलं एक कोठार टेपको या पाइपलाइन कंपनीचं होतं. या कंपनीचं मूळ टेक्सस ईस्टर्नमधलं, म्हणून तिच्या कोठारातल्या प्रोपेनला बाजारात 'टीईटी प्रोपेन' म्हणत. शेजारच्या कोठारातला प्रोपेन तो 'नॉन-टीईटी'. दोन्ही रसायन म्हणून एकच; नळकांड्यात भरून ठेवले तर कोणता कुठला हे कोणी सांगू शकणार नाही. भावही एरवी पैशा-दोन पैशाच्या फरकानं सारखेच. मात्र टीईटी विकायचा करार केला असेल तर द्यायचा टीईटीच. शेजारच्या कोठारातला चालत नाही. आणि मध्य-पश्चिम व ईशान्येकडच्या राज्यांत जाणारी टेपकोची मोठी पाइपलाइन याच कोठाराला जोडलेली होती.

सौदा होतो तेव्हा माल जागचा हलतही नाही. कोठाराच्या वहीत एका कंपनीच्या खात्यातून दुसऱ्या कंपनीच्या खात्यात बॅरल जमा होतात, एवढंच. सौदे फोनवर, दलालांमार्फत, नाहीतर इलेक्ट्रॉनिक फळ्यावर बोली लावून होतात. ओपिस ही भाववार्ता संस्था दिवसभरातल्या सौद्यांची माहिती गोळा करून वरचा, खालचा आणि सरासरी भाव छापते. ज्यांनी त्या दिवशी एक थेंबही घेतला-विकला नाही, त्यांचे करारही याच छापील भावावर चालतात : वितरकाचे, टँकरवाल्याचे, शेतात मका वाळवणाऱ्याचे.

जाहीर होणारा भाव आणि निघणारा भाव

जगात एलपीजीचे भाव ठरायच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एक आपल्याला जास्त परिचयाची. सौदी अरामको दर महिन्याच्या अखेरीस पुढच्या महिन्याचा प्रोपेन आणि बुटेनचा भाव जाहीर करते. त्याला सौदी कॉन्ट्रॅक्ट प्राइस किंवा नुसतं सीपी म्हणतात. इथे विकणारा सांगतो आणि घेणारा मान्य करतो. अरामको भाव हवेतून काढत नाही. बाजाराचा कल, पर्यायी मालाच्या किमती बघूनच काढते. पण आकडा जाहीर होतो एकाच दाराआडून. आखातातून आशियात जाणारा बराचसा माल या आकड्याला धरून विकला जातो, मग तो सौदीचा असो, कतारचा किंवा कुवेतचा.

दुसरी तऱ्हा मॉन्ट बेलव्ह्यूची. इथे कोणी भाव जाहीर करत नाही. अनेकांच्या घेण्या-विकण्यातून तो निघतो. याखेरीज पूर्व आशियात पोचणाऱ्या मालाचा 'फार ईस्ट इंडेक्स' असतो, आणि युरोपात ॲम्स्टरडॅम-रॉटरडॅम-अँटवर्प या बंदरांचा भाव. या सगळ्यांना एकत्र बांधून ठेवतं ते जहाजभाडं. मोठं गॅस जहाज ४५ हजार टनांच्या आसपास माल नेतं. मॉन्ट बेलव्ह्यूचा भाव, त्यावर धक्क्यावरचं टर्मिनल शुल्क, त्यावर भाडं, एवढं मिळून जपानच्या चिबा बंदरातल्या भावापेक्षा कमी पडत असेल तर जहाज सुटतं, नाहीतर सुटत नाही. पनामा कालव्यात दुष्काळानं पाणी कमी झालं तेव्हा, नोव्हेंबर २०२३ मध्ये, रांग चुकवून एक जहाज पुढे काढण्यासाठी जपानच्या एनिओस या तेल कंपनीनं लिलावात जवळजवळ ४० लाख डॉलर मोजले होते. कालव्याची ठरलेली पट्टी वेगळीच.

एलपीजीच्या भावाचा स्वभाव मात्र या तऱ्हांच्या अलीकडे आहे. कोणी एलपीजीसाठी विहीर खोदत नाही. नैसर्गिक वायू काढताना तो निघतो, क्रूड शुद्ध करताना तो निघतो. म्हणजे भाव दुप्पट झाला तरी उत्पादक लगेच जास्त काढू शकत नाही, आणि भाव पडला तरी काढायचं थांबवत नाही. मग तुटवड्यात भाव चढून करतो काय, तर घेणाऱ्यांपैकी कोणाला तरी मागे सारतो. प्लॅस्टिकचा कच्चा माल बनवणारे कारखाने प्रोपेन महागला की इथेन किंवा नाफ्त्याकडे वळतात. थंडीत घर गरम ठेवणाऱ्याला ती सोय नसते. अशा मालात थोडासा साठा अडकवला तरी भाव बराच हलतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी : २००४ मध्ये अमेरिका प्रोपेन आयात करणारा देश होता. शेल नावाच्या खडकातून काढलेला वायू आणि त्यातून आलेला प्रोपेनचा पूर नंतरचा. तेव्हा मॉन्ट बेलव्ह्यूत जे झालं त्याचा चटका प्रामुख्यानं अमेरिकेतल्या लोकांना बसला. आज तसं राहिलेलं नाही, पण त्याकडे शेवटी येऊ.

फेब्रुवारीचा सौदा

सीएफटीसीच्या तक्रारीनुसार याची रंगीत तालीम वर्षभर आधी, एप्रिल २००३ मध्ये होऊन गेली होती. तो प्रयत्न फसला. २००४ ची गोष्ट वेगळी होती. जानेवारीच्या थंडीनं साठे उतरले होते. बीपीच्या प्रोपेन डेस्कवर बसणाऱ्यांच्या लक्षात आलं की टीईटीचा माल थोडा आहे आणि फेब्रुवारीअखेर टीईटी द्यायचं कबूल केलेले विक्रेते बरेच आहेत. त्यांच्यापैकी अनेकांकडे माल नव्हता. महिन्याअखेरीस थंडी उतरेल, भाव पडेल, तेव्हा स्वस्तात घेऊन देऊ, असा त्यांचा हिशेब. वायद्याच्या भाषेत ते शॉर्ट होते. यात गैर काही नाही. असे विक्रेते नसतील तर वायदेबाजार चालायचाच नाही.

बीपीनं उलट बाजू घेतली. फेब्रुवारीत द्यायचा टीईटी प्रोपेन दिसेल तिथून उचलायला सुरुवात केली. कांद्याचा व्यापार पाहिलेल्या माणसाला पुढचं सांगायची गरज नाही : अमुक तारखेला अमक्याच चाळीतला कांदा देतो असं दहाजण लिहून देऊन बसलेत, आणि ती चाळ आधीच एकानं उचलली आहे. मग त्या दहाजणांना कांदा मिळणार त्या एकाकडूनच, तो सांगेल त्या भावानं.

याला बाजारात कोंडी म्हणतात, इंग्रजीत स्क्वीझ. ती साधायला दोन गोष्टी लागतात : देता येण्याजोगा माल हातात असणं, आणि समोरच्यावर तारखेचं बंधन असणं. दोन्ही होत्या. २००४ हे लीप वर्ष, पण २९ फेब्रुवारीला रविवार होता, म्हणून खरी मुदत शुक्रवारी २७ लाच संपत होती. जसजसा तो शुक्रवार जवळ आला तसतशी बीपीची बोली चढत गेली. इलेक्ट्रॉनिक फळ्यावर तिच्या बोल्या एकावर एक चढत्या भावानं लावलेल्या असत. कोणी विकायला आला की तीच घ्यायची. कोणी घ्यायला आला की विकायला तीच. शेजारच्या कोठारातला प्रोपेन तेवढा महाग झाला नाही. नॉन-टीईटी आणि टीईटीमधली एरवीची पैशा-दोन पैशाची दरी रुंदावली, आणि फेब्रुवारीचा टीईटी मार्चच्या टीईटीपेक्षा कितीतरी महाग झाला.

मला विचाराल तर पुरावा म्हणून ही दरी टेप केलेल्या संभाषणांपेक्षा बोलकी आहे. थंडीमुळे भाव चढला असता तर दोन्ही कोठारांतला प्रोपेन सारखाच महागला असता. थंडीला कोठाराचा मालक कळत नाही.

संभाषणंही होतीच. ट्रेडिंग डेस्कवरचे फोन ध्वनिमुद्रित होतात, हे तिथे बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. तरीही आपण बाजार मुठीत धरू शकतो अशा अर्थाची वाक्यं त्या टेपांत सापडली, आणि पुढे तक्रारीत उतरली. सीएफटीसीचं म्हणणं असं की हे काही डेस्कवरच्या दोन-चार पोरांचं साहस नव्हतं. वरच्या अधिकाऱ्यांना माहिती होती आणि त्यांची संमतीही होती. डेस्कवर दोन कोटी डॉलरच्या नफ्याची अपेक्षा होती.

नफा झाला का? उलट सुमारे एक कोटी डॉलरचा तोटा झाला. कोंडी करणाऱ्याची जुनीच अडचण. मुदत होती तोवर अडकलेल्या विक्रेत्यांनी बीपीच्या भावानं घेतलं, पण जेवढा माल गोळा केला होता तेवढा त्यांना लागत नव्हता. मार्च लागला. कोठारात बीपीच्या नावावर प्रोपेनचा ढीग, हिवाळा संपत आलेला, आणि बाजाराला माहीत की हा माल आता याला काढायचाच आहे. शुक्रवारी ९० सेंटच्या वर गेलेला भाव त्यासाठी कोण देणार? चढताना ज्या भावानं शेवटचा माल घेतला, उतरताना तो भाव कुठेच नव्हता. कागदावर कोंडी फत्ते झाली होती. खिशात उरला तो महागाईत घेतलेला प्रोपेन.

काही जण म्हणतात, तोटाच झाला तर गुन्हा कसला. पण ज्या विक्रेत्यानं २७ तारखेला ९० सेंटनं घेतलं त्याला, आणि ज्याच्या टँकरचं बिल त्या आठवड्याच्या छापील भावावर निघालं त्या गिऱ्हाइकाला, बीपीला पुढे मार्चमध्ये काय झालं याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

दंड, आणि एक पळवाट

जून २००६ मध्ये सीएफटीसीनं दावा लावला. त्याच सुमारास एका माजी ट्रेडरनं गुन्हा कबूल केला. २५ ऑक्टोबर २००७ ला बीपीनं तडजोड केली. एकूण ३०.३ कोटी डॉलर : १२.५ कोटी सीएफटीसीचा दिवाणी दंड, १० कोटी फौजदारी दंड, नुकसान झालेल्यांसाठी सुमारे ५.३ कोटी, आणि २.५ कोटी टपाल खात्याच्या तपास शाखेच्या ग्राहक-फसवणूक निधीला. टपाल खातं मध्येच कुठून आलं असं वाटेल. पण अमेरिकेत टपालातून होणाऱ्या फसवणुकीचा कायदा फार जुना, आणि त्यामुळे तिथले टपाल तपासनीस आर्थिक गुन्ह्यांत हमखास दिसतात. कंपनीवर तीन वर्षं बाहेरचा निरीक्षकही बसला. टेक्सस सिटीच्या रिफायनरीतला स्फोट आणि अलास्कातली तेलगळती या प्रकरणांच्या तडजोडीही त्याच दिवशी जाहीर झाल्या, त्यामुळे वर्तमानपत्रांत प्रोपेनला मथळ्यात अर्धीच जागा मिळाली. दंडाचा मोठा वाटा मात्र प्रोपेनचाच होता.

त्याच दिवशी चार माजी ट्रेडरांवर फौजदारी आरोप ठेवले गेले, आणि इथून प्रकरणानं वळण घेतलं. सप्टेंबर २००९ मध्ये ह्यूस्टनचे न्यायाधीश ग्रे मिलर यांनी ते आरोप काढून टाकले. कारण होतं कायद्यातलं एक कलम, २(जी). अमेरिकेनं २००० साली वायदेबाजाराचा कायदा बदलला तेव्हा त्यात एक सूट घातली : शेतमाल सोडून इतर मालाचे सौदे मोठ्या आणि जाणत्या पक्षांमध्ये एक्स्चेंजबाहेर, स्वतंत्र वाटाघाटीनं झाले, तर ते या कायद्याच्या कक्षेबाहेर. टीईटीचे सौदे नेमके तसेच होते. दोन कंपन्या, एक फोन, एक दलाल. बाजाराच्या भावाला वेठीला धरलं हे खरं मानलं तरी ज्या कायद्याखाली आरोप ठेवला तो कायदाच या सौद्यांना लागू नाही, असं कोर्टाचं म्हणणं पडलं.

फसवणुकीचा आरोप राहिला. त्यावर न्यायाधीशांची भूमिका अशी, की बीपीनं लावलेल्या बोल्या खऱ्या होत्या. त्या भावानं घ्यायची तयारी होती, पैसा होता, आणि घेतलंही. खोटी बोली लावून पळ काढला असता तर फसवणूक. खरी बोली लावून भाव चढवणं हे त्या कायद्यात बसत नाही. पाचव्या सर्किटच्या, म्हणजे टेक्सस ज्याच्या हद्दीत येतं त्या केंद्रीय अपील कोर्टानं २०११ मध्ये हा निकाल कायम केला.

कंपनीनं कोट्यवधी भरून आरोप मिटवले आणि कंपनीच्याच माणसांना कोर्टानं सोडलं, हा विरोधाभास बऱ्याच वकिलांनी चघळला. मला त्यात विरोधाभास कमी आणि व्यवहार जास्त दिसतो. मोठ्या कंपनीला खटला लढत बसण्यापेक्षा पैसे भरणं परवडतं. माणसाला तुरुंगाची टांगती तलवार असते, तो लढतो. न्यायाधीशांचा निकाल मला बाजारासाठी घातक वाटतो, पण कायद्याच्या मजकुरावरून पाहिलं तर चूक म्हणता येत नाही. सूट संसदेनं दिली होती, कोर्टानं नाही. ती सूट जागतिक मंदीनंतर आलेल्या २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यानं गेली, आणि २०११ मध्ये सीएफटीसीनं हेराफेरीविरुद्ध जास्त व्यापक नियम आणला. मधल्या काळात जागतिक मंदीचा तडाखा बसला नसता, तर नुसत्या प्रोपेनपायी कोणी हा कायदा बदलला असता असं वाटत नाही.

नंतर टेपको एंटरप्राइज या कंपनीत विलीन झाली. टीईटीचं कोठार त्याआधीच विकलं गेलं होतं. आधी ते लुई ड्रेफस या व्यापारी कंपनीकडे गेलं, आणि विलीनीकरणानंतर लोन स्टार या कंपनीकडे. शिकागोच्या एक्स्चेंजवरचा प्रोपेनचा मुख्य वायदा आजही ड्रेफसच्या काळातलं 'एलडीएच' हे नाव लावतो.

उरणपर्यंत येणारी वाट

आपल्याकडे एलपीजी जेवढा लागतो त्याच्या जेमतेम ४० टक्के देशात तयार होतो. २०२४-२५ मध्ये खप ३ कोटी १३ लाख टन होता; बाकीचा माल बोटीनं येतो, बहुतांश आखातातून. भावाचं सूत्र जुनं आहे : सौदी सीपीमधला ६० टक्के बुटेन आणि ४० टक्के प्रोपेन, त्यावर भाडं, विमा, बंदराचा खर्च. देशात तयार होणारा मालही याच आयात-समान भावानं धरला जातो. उरणला बॉम्बे हायच्या वायूतून निघालेला एलपीजी ठाण्या-पनवेलच्या सिलिंडरमध्ये भरला, तरी त्याचा आकडा अरामकोच्या महिनाअखेरच्या पत्रकातून येतो. तो वायू कधी आखात पाहत नाही.

हे सूत्र चालताना बघायचं असेल तर २०२० चा उन्हाळा बघा. एप्रिल २०२० चा सीपी प्रोपेनला टनाला २३० डॉलर आणि बुटेनला २४० डॉलर जाहीर झाला. मार्चमध्ये तो ४३० आणि ४८० होता. एप्रिलच्या भावानं १४.२ किलो मालाची किंमत होते ३ डॉलर ३५ सेंट, तेव्हाच्या ७६ रुपयांच्या डॉलरनं २५५ रुपये. मुंबईत विनाअनुदानित सिलिंडर एप्रिलमध्ये ७१४ रुपये ५० पैशांना होता, १ मे रोजी ५७९ वर आला. २५५ आणि ५७९ मधली रक्कम म्हणजे जहाज, बंदर, बॉटलिंग, ट्रक, वितरकाचं कमिशन आणि जीएसटी. उलट दिशेला मात्र सूत्र तितकं मोकळं चालू दिलं जात नाही. भाव चढतो तेव्हा सरकार सिलिंडर रोखून धरतं आणि तोटा तेल कंपन्यांच्या वहीत साचतो. त्यापोटी २०२२ मध्ये २२ हजार कोटी आणि २०२५ मध्ये ३० हजार कोटी रुपये त्यांना मंजूर झाले.

१७ नोव्हेंबर २०२५ ला पेट्रोलियम मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी जाहीर केलं की इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम यांनी २०२६ सालासाठी अमेरिकेतून सुमारे २२ लाख टन एलपीजी घ्यायचा करार केला आहे, आणि त्याचा भाव मॉन्ट बेलव्ह्यूला धरून असेल. आपल्या वार्षिक आयातीचा हा साधारण दहावा भाग. एकाच विक्रेत्यानं जाहीर केलेल्या आकड्यावरचं अवलंबन थोडं तरी कमी व्हावं, हे शहाणपणाचंच आहे. दोन भाव हातात असले की त्यांतला एक फुगला हे निदान कळतं.

२००४ ची कोंडी आता तशीच होईल असं मला वाटत नाही. अमेरिका जगातली सगळ्यात मोठी एलपीजी निर्यातदार झाली आहे, मॉन्ट बेलव्ह्यूत माल तेव्हाच्या मानानं खूप आहे, आणि एलडीएचचा वायदा शेवटच्या दिवसाच्या भावावर न मिटता ओपिसच्या महिन्याभराच्या सरासरीवर मिटतो. समजा १९ कामकाजाच्या दिवसांत १८ दिवस भाव ७० सेंट राहिला आणि शेवटच्या दिवशी ९० झाला, तर सरासरी ७१ सेंटला पोचते. शेवटच्या शुक्रवारी बाजार ओढून फार काही हाती लागत नाही.

मात्र अडचण कोठारातून सरकून धक्क्यावर गेली आहे. खाली मिठात प्रोपेन मुबलक असतो आणि तो थंड करून जहाजात भरणारी टर्मिनलं मोजकी, तीही मोजक्या कंपन्यांच्या हातात. २०२४ च्या शरद ऋतूत धक्के अपुरे पडले तेव्हा मॉन्ट बेलव्ह्यूचा भाव नरम होता आणि गॅलनमागचं टर्मिनल शुल्क मात्र एरवीच्या कित्येक पट झालं होतं. म्हणजे ओपिसच्या पानावर प्रोपेन स्वस्त दिसत होता आणि जहाजाच्या टाकीत महाग पडत होता. मुंबईत बसून असा करार वाचणाऱ्यानं मॉन्ट बेलव्ह्यू हे नाव बघून थांबू नये. सरासरी किती दिवसांची, भाव कोणत्या कोठाराचा, आणि टर्मिनल शुल्क वर्षभरासाठी बांधलेलं आहे की दर जहाजाला नव्यानं ठरायचं, हे पुढच्या पानांवर लिहिलेलं असतं.